ताईचं आमेन

आमच्यात प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायची सोय नाही. एकाने डोळे मिटून देवाशी बोलायचं, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं. म्हणजे, तसंच होवो. जिभेला लहानपणापासून इतकं वळण पडलेलं असतं की काय मागितलं हे डोक्यात शिरायच्या आधीच ते तोंडातून निघून जातं.

ताईचं तसंच झालं.

तिला स्तनाचा कॅन्सर निघाला तेव्हा चर्चच्या भगिनी मंडळाने चिंचपोकळीला तिच्या घरीच प्रार्थनासभा ठेवली. मंडळातल्या सगळ्यांत वयस्कर आत्याबाईंनी प्रार्थना केली. बाई वाईट नाहीत. पुढे केमोने ताईला अन्न बघवेना तेव्हा डब्यातून पेज आणणाऱ्या त्याच. पण जिभेला हाड नाही. अगदी कळवळून म्हणाल्या, "प्रभू, तुझ्या लेकीने आईपणाचं दान नाकारलं, लेकराला कधी अंगावर पाजलं नाही, म्हणून हे दुखणं आलं. तिला क्षमा कर."

सगळ्यांबरोबर ताईही म्हणाली, आमेन.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. चहाच्या वेळी मी विचारलंच, "आत्याबाई, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"अगं, मोबाइलवर आलेलं. डॉक्टर लोकच सांगतात."

ताईने मला नजरेनेच गप्प केलं.

मूल नको, हे ताईने आणि भावोजींनी लग्नाआधीच ठरवलं होतं. आमची आई अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं ताईच करायची. शिवाय गिरगावच्या शाळेत पहिलीचा वर्ग. "दिवसभर एवढी पोरं नाचवते, घरी आणखी कशाला?" म्हणायची. थट्टा वेगळी, पण तिने त्यावर मनापासून प्रार्थनाही केली होती आणि तिच्या मते देव नाही म्हणाला नव्हता. त्या सभेपर्यंत तिला याची कधी खंत वाटली नव्हती.

परळच्या हॉस्पिटलात मी डॉक्टरबाईंसमोर विषय काढला. वाटलं, त्या एका वाक्यात निकाल लावतील. त्या प्रामाणिक निघाल्या, हीच पंचाईत. म्हणाल्या, "मुलं झाली, अंगावर पाजलं, तर रिस्क थोडी कमी होते, हे खरंय. पण तुम्हालाच का झाला, हे कोणीच सांगू शकत नाही. बाहेर बाकावर बघा, तीन-तीन, चार-चार मुलांच्या आया बसल्यात. ही शिक्षाबिक्षा नाहीये."

लिफ्टपाशी ताई म्हणाली, "थोडी कमी होते म्हणाल्या ना?"

"पुढचं ऐकलंस का?"

"ऐकलं गं. पण मी आमेन म्हटलंय."

सवयीने म्हटलंस, मनाने नाही, असं मी तिला कितीदा सांगितलं. चर्चचे पाळकसाहेब येऊन समजावून गेले. ती मान डोलवायची, वर्गातली पोरं न समजताही डोलवतात तशी. आणि एके दुपारी मला म्हणाली, "मूल असतं तर आत्ता कॉलेजात असतं, नाही?" इतक्या वर्षांत हा हिशेब तिने कधी केला नव्हता. आजार आता हाताबाहेर गेला होता. तो तिला नेणार, हे मी सोसलं असतं. पण जाताना ती गुन्हेगार होऊन जाणार, हे मला सोसवेना.

शेवटी मी ठरवलं, प्रार्थनेला प्रार्थनेनेच उत्तर द्यायचं. तिच्या खाटेशी बसले, हात हातात घेतला आणि मोठ्याने सुरू केलं. तिचा चेहरा बघायचा होता म्हणून डोळे उघडेच ठेवले. "प्रभू, माझ्या ताईने काही नाकारलं नाही. तिने आईला सांभाळलं, दुसऱ्यांची लेकरं लिहिती केली. तू तिच्यावर रागावलेला नाहीस..."

"डोळे मीट आधी," ताई म्हणाली. आवाज पार खोल गेलेला, पण शाळेतल्या बाईंचा दरारा तोच. "प्रार्थना आहे ना?"

मला हसूही आलं आणि रडूही. डोळे मिटले आणि पहिल्यापासून पुन्हा म्हटलं, एकही शब्द न गाळता. संपल्यावर थांबले. तिचं आमेन यायची वाट बघत राहिले.

डोळे उघडले तर तिला झोप लागली होती. कुठल्या शब्दापर्यंत तिने ऐकलं, कोण जाणे. त्यानंतर ती धड शुद्धीवर आलीच नाही.

तिच्या दफनाच्या वेळी प्रार्थना आत्याबाईंनीच केली. चांगली केली. सगळे आमेन म्हणाले. मी डोळे उघडे ठेवून उभी होते.