धागा अडकायला नको

शिक्रापुरात आमच्या शेजारी राहणारे गृहस्थ कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं विमान बांधतायत. बांधतायत कसले, घासतायत. पंखासाठी ॲल्युमिनियमची पट्टी कापायची, भोकं पाडायची आणि मग कानस, पॉलिश पेपर घेऊन तिची कड गुळगुळीत करत दिवस घालवायचा.

"बारीक ओरखडा जरी ऱ्हायला ना ताई, तरी वर गेल्यावर तिथूनच चीर पडती," असं ते सांगायचे. सांगताना नजर पट्टीवरच. मला या चिकाटीचं कौतुक वाटायचं. चहासुद्धा नेऊन द्यायचे मी.

कड जमली का, हे ते बोटानं बघत नाहीत. बायकोचा पदर धरून त्या कडेवरून ओढतात. धागा अडकला की पुन्हा घासायला बसतात. वहिनींची धड साडी म्हणून राहिली नव्हती.

मागच्या महिन्यात वहिनी भाचीच्या लग्नाला यवतला निघाल्या. जपून ठेवलेली एकच रेशमी साडी नेसल्या होत्या. या गृहस्थांनी दारातच त्यांचा पदर धरला आणि हातातल्या पट्टीच्या कडेवरून ओढला. लांबलचक धागा निघाला.

"बघ, अजून खरखर हाय," म्हणाले आणि कानस शोधायला आत गेले.

वहिनी तशाच एसटीला गेल्या आणि परत आल्या नाहीत.

काल ते माझ्या दारात उभे होते. मला वाटलं, वहिनींचा काही निरोप आलाय का, ते विचारतील.

"ताई, एखादी जुनी साडी हाय का?" ते म्हणाले. "रेशमी असंल तर बरं."