दहिवलीच्या चौकातले बळवंतराव

बळवंतराव सुर्वे यांच्याशी माझी ओळख भांडणाने झाली. कर्जतच्या मुलींच्या शाळेत मी तेव्हा नुकतीच मुख्याध्यापिका झाले होते. घरोघरी मुलांना होणारी मारहाण आणि त्यांची हेळसांड यांची चौकशी करण्यासाठी कर्जत-खालापूरच्या काही मंडळींनी एक बालरक्षण मंडळ काढले. त्याचे चौकशी अधिकारी म्हणून नेमले कोणाला, तर निवृत्त फौजदाराला! "मुलांना आगीतून काढून फुफाट्यात टाकायचं आहे का?" असे मी भर सभेत विचारले. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे दणकट, पिकल्या मिशांचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "बाई, फुफाटा इथंच बसलाय. काय विचारायचं ते त्यालाच विचारा."

तेच बळवंतराव आता साठ वर्षांचे झाले. या गौरवग्रंथात त्यांच्या सचोटीविषयी, शिस्तीविषयी इतरांनी लिहिले असेलच. खाकी कपड्यांतली त्यांची जुनी नोकरी आजही काहींच्या डोळ्यांत सलते. देश स्वतंत्र झाल्यावर तर "गोऱ्या साहेबांच्या नोकराचा कसला सत्कार?" असेही कोणी कोणी म्हणाले. त्या मंडळींना मी ठकीची हकीकत सांगते. ती मी जवळून पाहिली आहे, आणि ती सांगताना बळवंतरावांची चूक झाकायची नाही, असे मी ठरवले आहे. झाकली तर त्यांनाच राग येईल.

ठकी माझ्या शाळेतली. आईबाप नसलेली, दहिवलीला चुलत्याकडे राहणारी. एकाएकी ती शाळेत येईनाशी झाली. चौकशीला गेले तर चुलता दारातच म्हणाला, "पोर लई चोरटी झालीया, बाई. घरातलं तांदूळ चोरती. साळा कशाला चोराला?" तांदूळ कंट्रोलवर, मोजून मिळायचे ते दिवस. त्यामुळे चोरी म्हटली की शेजारीपाजारीही मान डोलवत. पण त्याच्या मागे उभ्या असलेल्या पोरीचे काडीसारखे झालेले हात मी पाहिले होते. मी तडक बळवंतरावांकडे गेले.

दुसऱ्याच दिवशी ते निघाले. मुलांच्या कायद्याखाली मुलीला घरातून हलवण्याचा हुकूम त्यांनी हातात घेतला आणि बरोबर दोन पंच घेतले. चुलत्याने आरडाओरडा केला, पण फौजदारकीचा दरारा अजून शिल्लक होता. त्यांनी ठकीला बाहेर काढले आणि तिचे मनगट धरून भर बाजारातून, पूल ओलांडून, थेट माझ्या घरी आणले. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. उभ्या हयातीत त्यांनी माणसे नेली ती अशीच, त्यामुळे यात काही वावगे आहे असे त्यांच्या मनातही आले नाही.

ठकी माझ्याकडे राहू लागली, पण तोंड उघडेना. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी प्रेमाने विचारले, तरी गप्प. चुलत्याचा वकील म्हणाला, मुलीची काही तक्रारच नाही. साहेबांनी नाइलाजाने पुढची तारीख दिली आणि बजावले, की तोवर काही पुरावा आला नाही तर मुलगी चुलत्याच्या ताब्यात द्यावी लागेल. ती त्या घरी परत गेली तर पुन्हा दिसणार नाही, अशी माझी खात्री होती.

त्याच आठवड्यात एकदा मी तिला जेवायला वाढले. ताटाला हात न लावता तिने विचारले, "बाई, मला कदी सोडनार?"

"कुठून गं?"

"ह्या तुरुंगातून. मी तांदूळ नाय चोरलं. निस्ता भात मागितला व्हता."

बळवंतरावांना हे सांगितले तेव्हा ते आधी उसळले. "मनगट धरलं नसतं आणि पोर पळाली असती तर?"

"पळाली असती तर चुलत्यापासून पळाली असती. तुमच्यापासून कशाला पळेल?" मी म्हणाले. माझी जीभ तिखट आहे, हे मंडळातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

ते उठून म्हणाले, "पोरीला घेऊन उद्या दहिवलीला या. पंचांना मी बोलावतो."

दहिवलीच्या चौकात माणसे जमली होती. चुलताही होता. बळवंतराव मधोमध उभे राहिले आणि कवायतीच्या आवाजात म्हणाले, "या मुलीला मी चोरासारखं धरून नेलं. ते माझं चुकलं. हिनं काही चोरलेलं नाही. तुमच्या सगळ्यांच्या देखत मी हिची माफी मागतो." हा माणूस कधी कोणाची माफी मागेल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. मला रडू आले, आणि ते मी लपवले नाही.

मग ते ठकीसमोर उकिडवे बसले आणि आपला हात पुढे केला. "आता तू धर. तुला जायचं असेल तिकडं मला ने."

ठकीने त्यांच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग त्यांचे एक बोट धरले आणि चालू लागली. मला वाटले, ती माझ्या घराची वाट धरेल. ती वळली चुलत्याच्या घराकडे. चुलता धावत जाऊन दारात आडवा झाला. "घर माजं हाय! कोनी पाय टाकायचा नाय!"

"मी तिच्या मागं चाललोय," बळवंतराव म्हणाले, "आणि माझ्या मागं सगळी दहिवली चाललीय. कुणाकुणाला अडवतोस बघ."

तो बाजूला झाला. ठकी परसातल्या गोठ्यापाशी थांबली आणि एवढेच म्हणाली, "हितं." आत खुंटाला दावे होते. त्याच्या फासाला, काचू नये म्हणून, फडक्याची घडी गुंडाळलेली होती, आणि ते फडके आमच्या शाळेच्या परकराचे होते. शेजारी करवंटीत वाळलेली पेज होती.

"वासराचं दावं हाय ते," चुलता म्हणाला.

तेवढ्यात मागून शेजारची म्हातारी बोलली. इतके दिवस सगळ्यांप्रमाणे तिनेही तोंडाला कुलूप लावले होते. "तुज्याकडं वासरू कवा व्हतं रं?"

त्यानंतर एकेक जण बोलू लागला. पंचांनी तिथेच पंचनामा केला. पुढच्या तारखेला ठकीही बोलली, आणि साहेबांनी तिचा ताबा मला दिला. चुलत्याला शिक्षा झाली.

त्या दिवसापासून बळवंतरावांनी एकाही मुलाचे मनगट धरलेले नाही. ते बोट पुढे करतात आणि थांबतात. कधी कधी फार थांबावे लागते. कशेळ्याच्या वरच्या पाड्यातला एक मुलगा सबंध सकाळ हलला नाही, तर हेही सबंध सकाळ तिथेच बसून राहिले, वर मला निरोप धाडला की जेवायला माझी वाट बघू नका. हळू बोलायला यावे म्हणून ते माझ्या शाळेत बिगारीच्या, अगदी लहानग्यांच्या वर्गात येऊन गोष्टी सांगू लागले. पहिल्याच गोष्टीतला ससा असा गरजला, की दोन मुली रडल्या. पण ते येत राहिले. आता मुली त्यांची वाट पाहतात.

प्रत्येक मूल घरातून काढायचे, असा त्यांचा हट्ट कधीच नव्हता. खालापूरकडची एक विधवा मजुरीला जाताना लेकरांना खोलीत कोंडून जाई. मंडळातले काहीजण खटला भरायला निघाले. बळवंतराव म्हणाले, "तिनं पोटासाठी कोंडलं, कुलूप काढायची सोय आपण करू." त्यांनी शेजारणीशी बोलणे केले, आणि मुले दिवसा तिच्या ओटीवर राहू लागली. नजर मात्र ते आजही ठेवतात. ज्याने जाणूनबुजून मुलाला छळले, त्याला त्यांनी कधी सोडले नाही. मग तो मंडळाला देणगी देणारा का असेना. त्यापायी मंडळाचे काही आश्रयदाते गेले. जाईनात का.

सत्काराचा दिवस विचारायला आम्ही गेलो, तर ते म्हणाले, "संध्याकाळी ठेवा. सकाळी खोपोलीला डोंगरावरच्या एका कोळशाच्या भट्टीवर जायचंय. तिथं एक पोर आहे." गुडघे दुखतात, डॉक्टरांनी चढण वर्ज्य केली आहे. त्यांनी ऐकले नाही, आणि या एका बाबतीत मी त्यांना रागावणार नाही.

बळवंतरावांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावे, त्यांचे गुडघे आणि त्यांचा करारीपणा शाबूत राहावा, अशी आम्हा सर्वांची मनापासून प्रार्थना आहे. ठकी यंदा सातवीच्या फायनल परीक्षेला बसणार आहे. शाळेत शुद्ध बोलते, माझ्याशी मात्र घरच्याच बोलीत. हा लेख संपवताना, तुझ्याकडून काय लिहू, असे मी तिला विचारले. तिने चुलीवरून नजर न काढता सांगितले,

"लिवा, एवढ्यात मरायचं नाय म्हनावं. अजून पोरं गोठ्यात हायेत."