माझ्या तोंडावरची बाराखडी

माझा धंदा फ्लेक्सचा. कोल्हापुरात ज्याचा वाढदिवस त्याचा फ्लेक्स, आणि ज्याचा फ्लेक्स लागला नाही तो त्या वर्षी वाढलाच नाही असं धरतात. नेत्यांचे, नेत्यांच्या पुतण्यांचे, पुतण्यांच्या मित्रांचे, झालंच तर शर्यतीच्या बैलांचेसुद्धा वाढदिवस मी छापलेत. एका बैलाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे इतके फोटो बसवायला लावले, की बैल बिचारा कोपऱ्यात गेला. सांगायचा मुद्दा, माझं पोट अक्षरांवर चालतं. फूटफूटभर उंचीची अक्षरं, सोनेरी, त्याला लाल कडा. त्यामुळं तिसरीत गेली तरी तुमच्या मुलीला वाचता येत नाही, असं तिच्या बाईंनी शाळेत बोलावून सांगितलं तेव्हा मी आधी त्यांनाच खुळ्यात काढलं.

"अहो, सगळं पुस्तक पाठ आहे की तिला," मी म्हटलं.

"पाठच आहे," बाई म्हणाल्या.

त्यांनी पोरीला बोलावलं, पुस्तक उघडलं आणि चित्रावर हात ठेवून पान तिच्यापुढं धरलं. पोरीनं घडाघडा धडा म्हटला. स्वल्पविरामाला थांबली, प्रश्नचिन्हाला आवाज चढवला. सगळं झकास. फक्त उघडलेलं पान दुसऱ्याच धड्याचं होतं.

मग मी आणखी एक पुरावा काढला. रस्त्यावरचे सगळे फ्लेक्स ती स्कूटरवरनं जाता जाता वाचते, हे सांगितलं. बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, पहिलीचं वर्ष कोरोनात मोबाईलवर गेलं, त्यात कुणाचाच दोष नाही. पण आता ही वर्गात तोंड उघडत नाही. वाचायचा नंबर जवळ आला की पाणी प्यायला जाते. हल्ली सकाळी पोटात दुखतं म्हणून दांड्या मारते. असेच चार-सहा महिने गेले तर शाळेतनंच मन काढून घेईल. "घरी रोज अर्धा तास घ्या. जरा प्रेमानं," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. आता मी काय प्रेमळ दिसत नाही काय, असं मनात आलं.

त्याच दिवशी दुकानात जाऊन मी सहा बाय चारचा फ्लेक्स काढला. संपूर्ण बाराखडी, ठसठशीत. वर डाव्या कोपऱ्यात पोरीचा गॉगल घातलेला फोटो टाकला. फोटोशिवाय फ्लेक्स माझ्या हातून होतच नाही. शहराबाहेरच्या आमच्या गावी, गडमुडशिंगीला, घरी आणून पुढच्या खोलीत ठोकला. शेजारच्या काकींनी दारातनं तो बघितला आणि अर्ध्या तासात ओवाळायला ताट घेऊन आल्या. वाढदिवस नाही म्हटल्यावर त्यांना राग आला. मग ओवाळूनच घेतलं.

संध्याकाळी सात ते साडेसात शिकवणी. मी पुस्तकातल्या अक्षरावर बोट ठेवायचा.

"हे काय?"

"म...?" आवाज असा, जणू मलाच विचारतेय. मग, "झ...?" मग एकदम ठासून, "भ!"

"शाब्बास! आता हे?"

तेच भ, दोन ओळी खाली.

"म...?"

झालं. माझा पारा चढायचा. "आत्ता सांगितलं न्हवं? आँ? आत्ताच सांगितलं न्हवं? काय बघतीयास माझ्याकडं? माझ्या कपाळावर लिहिलंय काय?" मी कधी तिच्यावर हात उचलला नाही, आणि त्याचा मला केवढा अभिमान. पण तोंड सोडायचो त्याचं काय? टेबलावर हात आपटायचो त्याचं काय? साडेसातला पोरगी उठायची ती न जेवता झोपायला बघायची. मी मात्र दमलो दमलो म्हणत दोन वाढीव भाकऱ्या खायचो.

बायको कुरुंदवाडची. तिच्या माहेरात गोड बोलायची पद्धत नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमचं त्वांड बघून म्हशीचं दूध आटंल. पोरीची अक्षरं आटली तर काय नवल हाय?"

"मग तू शिकीव."

"मला यील की. पर खरी भीती तिला तुमची हाय. ती मी कशी घालवू?"

मी टीव्हीचा आवाज वाढवला.

शाळा सुटली की पोरगी दुकानात येऊन बसायची आणि सहाला आम्ही दोघं स्कूटरवरनं घरी यायचो. एक दिवस ती अशीच स्टुलावर बसली होती. एक गिऱ्हाईक आलं होतं. त्याचा मजकूर मी कॉम्प्युटरवर लावून ठेवला होता, फोटो तेवढा यायचा होता. मी सहज पोरीला म्हटलं, वाच बघू. ती पडद्याकडं बघत राहिली. तेवढ्यात गिऱ्हाइकानं मोबाईलवरनं फोटो पाठवला. फेटा बांधलेले, मिशा पिळलेले एक आजोबा. मी फोटो मजकुराच्या वर बसवला मात्र, आणि पोरीचा चेहरा फुलला.

"आजोबांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!" ती खणखणीत म्हणाली.

मजकूर होता, भावपूर्ण श्रद्धांजली.

गिऱ्हाईक म्हणजे आजोबांचा सख्खा नातू. मी म्हटलं, आता हा माणूस मला इथंच उताणा घालतो. पण तो असा हसला की डोळे पुसायला लागला. "असू दे हो. म्हातारा पंच्याण्णवचा हुता. त्याला बी हेच आवडलं असतं," म्हणाला. पोरीच्या गालाला हात लावून गेला.

मी त्याला हार लावायचाही विसरलो, फोटोला म्हणजे. पोरगी आजवर रस्त्यावरचे फ्लेक्स वाचतच नव्हती. चेहरा दिसला की शुभेच्छा, एवढं तिनं ताडलं होतं, आणि कोल्हापुरात ते शंभरातल्या नव्वद वेळा बरोबर येतं. ह्याबद्दल मी पोरीला दोष देऊ शकत नव्हतो. ते नव्वद मीच छापलेले.

घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती पीठ मळायची थांबली. "भायेर फोटो वाचती, व्हय?" ती म्हणाली. "मग घरात काय वाचती?"

दुसऱ्या दिवशी शिकवणी चालू असताना तिनं दारामागनं मोबाईलवर आमचा व्हिडिओ काढला आणि पोरगी अंगणात गेल्यावर माझ्या हातात दिला. दोन मिनिटांचा असेल. पोरगी पुस्तकाकडं एकदा बघायची आणि माझ्याकडं चारदा. ती "म" म्हणाली की माझी भुवई वर. "झ" म्हणाली की जबडा आवळलेला. "भ" आला की सगळं सैल. म्हणजे इतके दिवस मी तिला शिकवत नव्हतो, नुसती उत्तरं पुरवत होतो, आणि ती माझ्या तोंडावरची बाराखडी वाचत होती. ती मात्र तिला पक्की यायला लागली होती.

आणि ते तोंड! रोज दाढी करताना मी ज्याला बघतो तो हा माणूस नव्हे. नाकपुड्या फुगलेल्या, डोळे बाहेर. ह्या माणसापुढं मला कुणी माझं स्वतःचं नाव वाचायला लावलं असतं तर माझीसुद्धा त-त-प-प झाली असती. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मी व्हिडिओ तिथंच पुसून टाकला, आणि बायकोनं तो आधीच स्वतःकडं पाठवून ठेवला होता हे मला नंतर कळलं.

मग सुधारायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी हसरं तोंड घेऊन शिकवायला बसलो. पोरीनं पाच मिनिटं सहन केलं. शेवटी हळूच म्हणाली, "पप्पा, दाढ दुखतीया काय?"

तोंड बदलता येत नाही, हे त्या दिवशी मी मान्य केलं. ते लपवावं लागणार होतं. आणि लपवायची जागा आमच्याकडं रोज दोन वेळा आयती होती. स्कूटरवर पोरगी पुढं उभी असते, मी मागं. तिला मी दिसतच नाही. म्हटलं, पुस्तक राहू दे बाजूला. आता रस्ता वाचायचा. अट एकच, ज्या पाटीवर माणसाचा फोटो आहे ती पाटी सोडायची.

पहिल्याच सकाळी तिनं आरशात माझं तोंड शोधून काढलं. पाटीकडं एक नजर, आरशाकडं दोन. आरसा फिरवला तर मागची वाहनं दिसेनात. शेवटी मी काळ्या काचेचं हेल्मेट विकत घेतलं. आता कोल्हापुरात हेल्मेट घालणं म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. गावातनं बाहेर पडेपर्यंत चौघांनी थांबवलं. एकानं विचारलं, "डोस्क्याला काय लागलंय काय?" दुसऱ्यानं, कुणाचं देणं लागतोस म्हणून तोंड लपवतोस, असं विचारलं. मी काच खाली ओढली आणि पुढं निघालो.

पहिली पाटी चहाच्या टपरीची. "च... हा..." पोरगी थांबली. आरशात बघितलं. आरशात काळी काच. मागनं मी गप्प. तिला काही इलाजच राहिला नाही, तिनं परत पाटीकडं बघितलं. "चहा. पप्पा, चहा!"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हँडल सोडता येत नव्हतं.

असे आम्ही रोज वीसच्या वेगानं शहरात जायला लागलो. मागनं हॉर्न वाजायचे. एक दूधवाला तर शेजारी येऊन ओरडला, "ओ पावणं, गाडी चालवतायसा का वरात काढलीया?" चुकायची ती खूप. हेल्मेटच्या आत मी वाट्टेल ती तोंडं केली, दातओठ खाल्ले, एकदा तर जीभ चावली. पण ते माझं मला ठाऊक. बोलायचं नाही, एवढं एकच पथ्य, आणि मला सांगा, कोल्हापूरच्या माणसाला ह्याच्याहून कडक पथ्य दुसरं कुठलं? साखर सोडणं सोपं.

एका बंगल्याच्या फाटकावर पाटी होती, 'गाडी लावू नये, हवा सोडली जाईल.' तिला ती तीन दिवस पुरली. पहिल्या दिवशी 'गाडी'पर्यंत आली, दुसऱ्या दिवशी 'नये'पर्यंत. तिसऱ्या दिवशी सगळी वाचली आणि मग खो खो हसायला लागली. "पप्पा, हवा सोडतोय म्हणं त्यो!" वाचलेल्या गोष्टीवर ती पहिल्यांदा हसली होती. त्याआधी वाचणं म्हणजे तिला नुसती परीक्षा होती, त्यातनं काही कळत असतं हे तिच्या गावीही नव्हतं.

आणखी काही दिवसांनी तिनं एका दुकानावरची पाटी वाचली, "मात खरेदी." मी आत जबडा आवळला. पाच-सहा सेकंद गेले असतील. मग ती आपली आपणच म्हणाली, "मात? मात कोण इकत घेतंय? न्हाय न्हाय. भात हाय." मी गाडी बाजूला घेतली आणि उगंच चाकातली हवा बघितल्यासारखं केलं.

पोटदुखीच्या दांड्या कमी झाल्या, असं बाई म्हणाल्या. वर्गात एक ओळ वाचली, मग दोन. पण घरी, माझ्यासमोर, पुस्तक घेऊन ती कधी बसली नाही. मीही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर माझी हिंमत होत नव्हती. बाईंच्या पुढ्यात वाचते, आईच्या पुढ्यात वाचते, आणि मी खोलीत आलो की पुस्तक मिटतं. ते पुस्तक मिटल्याचा आवाज मला टोचायचा. पोरगी वाचायला शिकली होती. मला भ्यायची मात्र थांबली नव्हती. आपणच पेरलेलं, दुसऱ्या कुणाला काय म्हणायचं?

मग एका रविवारी सकाळी मी पोहे खात बसलो होतो. पोरगी पुस्तक छातीशी धरून आली. आमच्याकडच्या पोरी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, तशी म्हणाली, "पप्पा, मी धडा वाचून दाखवतो. नवा हाय. शाळंत अजून झालेला न्हाय."

मी ताटली खाली ठेवली.

"पर तुमी भितीकडं त्वांड करून बसा."

मी भिंतीकडं तोंड करून बसलो. स्वयंपाकघरातली बायकोची भांडी थांबली. एका म्हातारीनं लावलेल्या आंब्याच्या झाडाची गोष्ट होती. पोरगी अडखळत होती, मागं जात होती, शब्द तोडून परत जोडत होती. मी भिंतीवरच्या रंगाच्या पोपड्यांकडं बघत होतो. एका जोडाक्षराला ती इतका वेळ अडली, की माझ्या पाठीला घाम आला. पण सांगायचं नाही म्हणजे नाही. ते तिनं फोडलं. पुढं गेली. पान उलटल्याचा आवाज आला, मग आणखी एक. म्हातारीच्या झाडाला आंबे लागले तोवर मला भिंत दिसायची बंद झाली होती.

"झालं. वळा आता."

मी वळलो. डोळे गळत होते, ओठ वाकडे झाले होते, आणि ते काही मला आवरता येत नव्हतं. पोरीनं माझ्याकडं बघितलं आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"चुकलं काय?"

मला नाही म्हणायचं होतं. नुसती मान हलवत राहिलो, आणि त्या हलण्याचा अर्थ तिनं काय लावला असेल ह्या भीतीनं आणखीच रडू आलं. ती थोडा वेळ माझ्याकडं बघत उभी राहिली. मग तिनं मान खाली घातली, पुस्तक परत उघडलं आणि शेवटच्या ओळींखालनं बोट फिरवत, ओठ हलवत, सगळं पुन्हा एकदा तपासून बघितलं. सावकाश. मग वर बघितलं.

"न्हाय. बरोबर हाय की," ती म्हणाली. "तुमीच उगंच रडताय."