काचेपलीकडचे पाहुणे

चहा आधी संपवा, कारण मी सांगायला लागलो की तो तुमच्या घशाखाली उतरणार नाही. आमच्या हिनं हा किस्सा अर्ध्या अहमदपूरला सांगून झालाय. तेव्हा निदान एकदा ज्यानं माती खाल्ली त्याच्याच तोंडून ऐका.

तर माझी खालची उजवी दाढ. तीन वर्षांपूर्वी तिचं रूट कॅनल झालं, वर टोपी बसली, सगळं सुरळीत चाललं होतं. मार्चात एक दिवस कडक भाकरी चावली आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. आमच्या डॉक्टरीणबाईंनी छोटा एक्स-रे काढला. त्यात काहीच नाही.

"सर, दाढेच्या मुळाला उभी चीर असेल तर ती साध्या एक्स-रेत लपते," त्या म्हणाल्या. "नांदेडला जाऊन थ्री-डी स्कॅन काढा. चीर निघाली तर दाढ काढावी लागेल. नसेल तर वाचवू आपण."

समोर आणि डाव्या बाजूला नुसती कवळी, चावायला माझ्याकडं दुसरं काही शिल्लकच नाही. ही दाढ गेली की उरलेलं आयुष्य भाकरी दुधात कुस्करून खायची. मला रडूच यायला लागलं.

त्यात दुसरं नाजूक प्रकरण. आमच्या वैष्णवीची सोयरीक नांदेडच्या एका घरी जवळजवळ ठरत आली होती. मुलगा बघून गेला होता, आता त्याचे वडील येऊन होकार देणार होते. त्यांना मी फक्त मोबाइलवर फोटोत पाहिलेलं. टक्कल आणि पांढरी मिशी, एवढीच ओळख. निघताना बायकोनं बजावलं, "नांदेडात पाहुणे कुठं दिसले तर वाकून नमस्कार करा. तुमचं ध्यान नसतंय."

आपल्याकडं हे प्रकरण किती जपावं लागतं, तुम्हाला काय सांगायचं? माझ्या चुलत भावाला एका लग्नात व्याह्याचा रामराम ऐकूच आला नाही. व्याही भरल्या पंगतीतून उठून गेले. दोन्ही घरांत अजून बोलणं नाही.

नांदेडच्या स्कॅन सेंटरात नसरीन मॅडम होत्या. "सर, चष्मा काढा. कवळी काढा. धातूचं काही बी ठेवू नका, फोटोत पट्टे येतात." मी सगळं काढलं. त्यांनी अंगावर जाड एप्रन चढवला, हनुवटी एका पट्टीवर टेकवली आणि दातांत प्लास्टिकची काडी धरायला दिली. "मशीन डोक्याभोवती एक चक्कर मारंल. अजिबात हलू नका. हललात तर चीर दिसणार न्हाई." एवढं सांगून त्या काचेपलीकडच्या अंधाऱ्या खोलीत गेल्या.

माझ्या चष्म्याचा नंबर उणे नऊ. तरी काचेत मला एक माणूस दिसला. टक्कल, पांढरी मिशी. माझ्याकडंच टक लावून बघत होता.

पाहुणे! मशीन फिरायला लागलं आणि मी हळूच मान लववली. त्यांनीही लववली.

"सर, हललात तुम्ही," नसरीन मॅडम आल्या. "सगळे दात डबल आले."

दुसऱ्या खेपेला मी मान हलवली नाही, एप्रनखालून फक्त हात जोडले. तर त्या भल्या माणसानं माझ्याबरोबरच हात जोडले. मुलीच्या बापापेक्षा मुलाचा बाप जास्त नम्र? हे कसं चालेल? मी खांदे वाकवले. तेही वाकले. मी आणखी वाकलो आणि हनुवटी पट्टीवरून घसरली.

"सर, काय करून राहिलात? सारखं सारखं काढता येत न्हाई हे. आता शेवटचं."

मग मी मन घट्ट केलं आणि डोळे मिटून घेतले. मशीन फिरलं. फोटो चांगला आला. डोळे उघडून, एप्रन टाकून, कवळी खिशात कोंबून मी पळत बाहेर गेलो. पाहुणे गायब. म्हणजे मी डोळे मिटले आणि ते रागावून निघून गेले. एका दाढेपायी मी पोरीचं नशीब फोडलं.

बायकोला फोन लावला. पण चूक कबूल करील तो मी कसला? म्हटलं, "ऐक, पाहुणे भेटले. पण ही सोयरीक आपल्याला नको."

"अहो, हळू बोला, फोन..."

"हळू कशाला? माणूस पार खंगलाय. गालफडं बसलीत, तोंडात दात न्हाई, तरी दातकोरणं धरलेलं. या उन्हात अंगावर जाड शाल. लिहून घे, हा माणूस यंदाचा पाऊस बघत न्हाई. असल्या रोगट घरात पोरगी द्यायची का?"

बायको रडक्या आवाजात म्हणाली, "फोन स्पीकरवर हाय. पाहुणे लातूरला जाता जाता वाटेत आपल्याकडंच उतरलेत. समोर चहा पिऊन राहिलेत."

"मग इथं कोण होतं?"

मी नसरीन मॅडमना विचारलं, तुमच्या खोलीत कोण बसलं होतं? त्या म्हणाल्या, "मी एकटीच होते." मग मला हाताला धरून परत मशीनपाशी उभं केलं आणि माझा चष्मा माझ्या नाकावर ठेवला. "आता बघा, सर."

काचेत मी होतो. तेच टक्कल, तीच पांढरी मिशी, गालफडं बसलेली. "अरे, हा तर मीच!" माझ्या तोंडून निघून गेलं, आणि फोन अजून कानालाच होता.

तासाभरानं रिपोर्ट आला. मुळाला वरपासून खालपर्यंत चीर, दाढ काढावी लागणार. खरं सांगतो, तेव्हा मला दाढेचं काहीच वाटेना. मी एसटी स्टँडवर बसून बायकोच्या फोनची वाट बघत होतो.

शेवटी फोन आला. "गेले पाहुणे," ती म्हणाली. "पोरगी पसंत हाय. घाई करा म्हणले."

"घाई कशाला?"

"पोरीच्या बापाची तब्येत लई नाजूक हाय, असं आत्ताच खात्रीच्या माणसाकडून कळलं म्हणले. तवा पावसाच्या आत लग्नाचा बार उडवून टाकू."