उरलेलं सैन्य

उधना या कापडमागांच्या वस्तीतल्या आमच्या घरात रविवारी दुपारी लढाई व्हायची. जेवणं आटोपली की माझा नवरा दोन खाटा जोडून त्यांवर प्लायवूडचा तक्ता टाकायचा, वर हिरवं पॉपलीन अंथरायचा, आणि शेजारच्या सोसायटीतले बँकेतले साहेब बुटांच्या खोक्यांतून फौजा घेऊन यायचे. अंगठ्याच्या पेराएवढे शिशाचे सैनिक. ग्रीक, रोमन, इराणी, सगळे दोन हजार वर्षांपूर्वीचे. साहेबांचा भाऊ इंग्लंडात होता. तो सुट्टीवर येताना हे सैनिक आणि खेळाच्या नियमांचं पुस्तक घेऊन यायचा. सैनिक रंगवायचे, समोरासमोर मांडायचे, फुटपट्टीने अंतर मोजून पुढे सरकवायचे आणि फासे टाकून कोण पडलं ते ठरवायचं, असा तो खेळ.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मी एका मराठी शाळेत प्राथमिकला शिकवत होते आणि रविवारी हा खेळ उभ्याने बघत होते. कपड्यांच्या घड्या घालता घालता मला सगळे नियम पाठ झाले. साहेबांना धीर नाही, त्यांचं घोडदळ पहिल्या संधीला उधळतं, हे मला कळलं. नवऱ्याचं उलट, हातात आलेला डाव तो घाबरून घालवायचा. एकमेकांबद्दल हे त्या दोघांना कधी कळलं नाही. मला मात्र बघायचा कंटाळा आला होता. मला खेळायचं होतं.

एका रविवारी बोलून टाकलं. नवरा हसला. साहेब सभ्य माणूस, ते हसले नाहीत.

"अवश्य, वहिनी. फक्त आपला एक नियम आहे. ज्याचं सैन्य त्याने स्वतः रंगवायचं. बिनरंगाचं शिसं मैदानात येत नाही."

आणि त्यांनी मला एक खोकं दिलं. "भारतीय सैन्य आहे. धनुर्धारी, थोडे भालाईत, तीन हत्ती. कोणी घेत नाही हे. हत्ती बिथरले की आपल्याच लोकांना तुडवतात."

कोणाला नको ते वहिनींना. खोकं घेतलं तेव्हाच मनाशी म्हटलं, आता शेंडी तुटो की पारंबी तुटो, हे मैदानात उतरवणारच.

खालच्या मजल्यावर माग चालवणाऱ्या लूमवाल्याचं कुटुंब राहायचं. त्यांच्याकडून धागा संपलेल्या रिकाम्या बॉबिन आणल्या आणि एकेका बॉबिनीवर एकेक सैनिक मेणाने चिकटवला, म्हणजे बोट न लावता फिरवता येतो. शाळेतून आल्यावर खिडकीत बसायचं आणि उजेड आहे तोवर रंगवायचं. धोतराची किनार, पागोट्याचा पीळ, धनुष्याची मूठ. सासूबाई धुळ्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. त्या दारात उभ्या राहून बघायच्या.

"इतली मोठी मास्तरीन व्हयनी, अन् पोऱ्हेसना खेळ खेळस!"

धनुर्धारी पुरे झाले आणि तिसऱ्याच दिवशी रंग सुटायला लागला. कांद्याच्या पापुद्र्यासारखा. नख लावलं की अख्खं धोतर निघून यायचं. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "अहो, आधी साबणाने धुतले नाहीत? साच्याला पावडर लावलेली असते, ती शिशावर राहते."

"मग आधी सांगायचंत की, भाऊजी!"

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

मला इतका राग आला की त्या संध्याकाळी पोळ्या जाड झाल्या. नवरा म्हणाला, "सोड ना, कशाला हात दाखवून अवलक्षण?" त्या वाक्याने तर माझं पक्कंच झालं. सगळे धनुर्धारी रॉकेलमध्ये बुडवले, जुन्या टूथब्रशने खरवडले, भांड्यांच्या पावडरीने धुतले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. भालाईतांचे भाले नुसता धक्का लागला तरी वाकायचे. ते कापून टाकले आणि लूमवाल्यांच्या मोडक्या फणीतल्या पोलादी तारा बसवल्या. मागावर धागे वेगळे ठेवणारी ती फणी; तिची तार वाकत नाही, बोटात मात्र घुसते. माझी बोटं महिनाभर टोचलेलीच होती.

हत्ती शेवटी घेतले. सासूबाईंना राहवेना. "हत्तीले झूल लाल पाहिजे," त्या म्हणाल्या. लाल केली. त्यांनी मान डोलावली आणि देवघरात निघून गेल्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी माझं सैन्य मांडलं. साहेब वाकून बराच वेळ बघत होते. "छान झालंय," म्हणाले, आणि लगेच, "आज तुम्ही दोघं नवरा-बायको मिळून खेळा. तो तुम्हाला सांगेल."

"कोणी सांगायला नको," मी म्हटलं आणि खुर्ची ओढली. नवरा मुकाट्याने खिडकीत जाऊन बसला.

साहेबांनी ग्रीक घेतले. मी जागची हललेच नाही. साहेब वाट बघून कंटाळले आणि त्यांचं घोडदळ उधळत माझ्या बाणांच्या टप्प्यात आलं. निम्मे घोडे गेले. नवरा खिडकीतून उठून जवळ आला. मग मी हत्ती पुढे काढले. ग्रीकांनी भाले फेकले, मधल्या हत्तीला लागले, आणि मी फासा टाकला. एक पडला. एक म्हणजे हत्ती बिथरला.

त्याच्या मागे माझे धनुर्धारी होते, दोनदा रंगवलेले.

साहेबांनी फासा उचलून माझ्यापुढे धरला. "असू दे, वहिनी. पहिलाच डाव आहे तुमचा. पुन्हा टाका."

ते मनापासूनच म्हणाले असावेत. पण मला ते झोंबलं. हा फासा पुन्हा टाकला तर आपण या खेळात पाहुण्याच, हे मला स्वच्छ दिसलं.

"माझ्या नवऱ्याला पुन्हा टाकू दिला असतात?" मी विचारलं.

त्यांनी फासा खाली ठेवला. मी हत्ती उचलला, उलटा फिरवला आणि फुटपट्टीने मोजून माझ्याच माणसांत घातला. एकेक धनुर्धारी हातात घेऊन बाजूला ठेवताना जिवावर आलं, खोटं का सांगू. पण हात थांबवला नाही. "तुमची खेळी, भाऊजी," मी म्हटलं.

साहेब सरसावून बसले. त्यानंतर त्यांनी मला काहीही माफ केलं नाही. त्यांनी राहिलेलं घोडदळ माझ्या उरलेल्या धनुर्धाऱ्यांवर सोडलं. "पोचले."

"नाही पोचले. अर्धा इंच कमी आहे."

"कसं कमी? हे बघा!"

"तुम्ही घोड्याच्या नाकापासून मोजताय. घोडा ज्या पट्टीवर उभा आहे, तिच्या कडेपासून मोजा."

"जाऊ द्या ना," नवरा म्हणाला, "अर्ध्या इंचाने काय बिघडतंय?"

"तू मध्ये बोलू नकोस!" साहेब ओरडले. "तुम्ही गप्प बसा!" मीही नवऱ्यावर ओरडले. साहेबांनी पुन्हा फुटपट्टी लावली. कान लाल झाले होते. "अहो बाई, जरा डोळे उघडून बघा की!"

त्या घरात माझ्याशी इतक्या उर्मटपणे ते कधीच बोलले नव्हते. मला इतका आनंद झाला की क्षणभर नजर फुटपट्टीवर ठरेना. मग मी डोळे उघडून बघितलं. अर्धा इंच कमीच होता. डाव मी शेवटी हरले, पण तो अर्धा इंच सोडला नाही.