नव्या इन्क्युबेटरचा मुहूर्त

“म्याडम, राग नका मानू, पन माझ्या कपिलाचं त्या नव्या मशीनमदीच ठेवा,” भाऊसाहेब म्हणाले. मी हो म्हटलं. आतून मात्र जळफळाट झाला.

राहात्याजवळच्या आमच्या लॅबमध्ये गायींचं आयव्हीएफ चालतं. बीजांडं काढायची, फलित करायची आणि आठवडाभर वाढवून दुसऱ्या गायीच्या गर्भाशयात सोडायची. तो आठवडा गर्भ CO2 इन्क्युबेटरमध्ये काढतात. आत गायीच्या अंगाइतकी ऊब, ओलाव्यासाठी तळाशी पाण्याचा ट्रे आणि हवेत पाच टक्के कार्बन डायऑक्साइड. हा वायू कमी पडला की गर्भाभोवतीचं द्रावण, म्हणजे मीडियम, बिघडतं आणि गर्भ मरतात.

जुना इन्क्युबेटर मी सांभाळते. नवा आला तो थेट गौरीच्या हाती. गौरी पुण्याहून आलेली, माझ्या निम्म्या वयाची. मशीनच्या पूजेला लॅबप्रमुख सरांनी नारळ तिच्या हातून फोडून घेतला. मला ताट धरायला दिलं. ते मला लागलं, अजूनही लागतं.

कपिला म्हणजे भाऊसाहेबांची जातिवंत गीर गाय. आता म्हातारी झालेली. या खेपेनंतर तिची बीजांडं मिळणार नव्हती. तिचे सगळे गर्भ मुहूर्त साधून नव्या मशीनमध्ये गेले. माझं मशीन चालू, पण रिकामं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्याबरोबर मी गौरीच्या मशीनपाशी गेले. स्वतःचं मशीन बघायच्या आधी. बाहेरचं दार उघडलं की आतल्या काचेतून गर्भांच्या डिश दिसतात. मीडियम शेंदरी असायला हवं, ते गुलाबीकडे झुकलेलं. म्हणजे वायू कमी. डिस्प्ले मात्र पाच दाखवत होता.

खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं. गप्प बसले असते तरी कुणी मला विचारलं नसतं. मशीन तिचं, डिश तिच्या. पण गाय भाऊसाहेबांची होती. मी हाक मारली.

“गौरी, मीडियम गुलाबी दिसतंय.”

“डिस्प्ले बरोबर आहे, मॅडम. इंजिनिअरनं कालच कॅलिब्रेट केलंय.”

“मीटर लाव.”

वायू मोजायचा वेगळा मीटर आमच्याकडे असतो. तिनं नळी लावली. साडेतीनच्या आसपास आकडा आला. तिचा चेहरा उतरला.

“ट्रेमध्ये पाणी कधी भरलंस?”

“पूजा झाल्यावर. आधी भरलं असतं तर ओलावा स्थिर व्हायला वेळ लागला असता. सरांना मुहूर्ताला डिस्प्लेवर पाच हवे होते. म्हणून इंजिनिअरनं कोरड्यातच सेट केलं.”

तिथंच घोळ झाला होता. या मशीनचा सेन्सर ओलाव्यानं फसतो. कोरड्या हवेत जुळवला आणि मग पाणी भरलं, तर नुसत्या वाफेलाही तो वायूच समजतो आणि गॅस सोडायचं थांबवतो. मुहूर्त साधला, पण मीडियम बिघडून गर्भ मरायला लागले होते.

“माझ्यात हलव सगळं. आत्ताच,” मी म्हटलं.

हात तिचेच चालले. मी फक्त दार उघडत-मिटत होते. तिचे हात फार सफाईदार आहेत. तेही मला खुपतं.

काही गर्भ गेले. राहिलेल्यांतला एक दुसऱ्या गायीत रुजला. गाय गाभण असल्याची तपासणी झाली तशी भाऊसाहेब पेढे घेऊन आले. पुडा गौरीच्या हातात ठेवला.

“नव्या मशीनची कमाल हाय बगा.”

“भाऊसाहेब, नवं मशीन चुकत होतं. मॅडमच्या लक्षात आलं म्हणून वाचले. वाढले ते त्यांच्या जुन्या मशीनमध्ये,” गौरी म्हणाली.

म्हणजे मुलगी मनानंही चांगली निघाली. आता तिच्यात खोट काढायलाही जागा उरली नाही.

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. “त्या बी चांगल्याच हायत. पन मशीन कसं, नवंच पायजे.”

मी पेढा खाल्ला.

तेव्हापासून लॅबचा नियम झालाय. आधी पाणी, मग ओलावा स्थिर होईपर्यंत थांबायचं, मग कॅलिब्रेशन आणि रोज सकाळी वेगळ्या मीटरनं खातरजमा. सरांनी तो भिंतीवर लावलाय. माझा नियम भिंतीवर नाही. लॅबमध्ये एक तरी जळकी सीनियर असावी. दुसऱ्याच्या डिशवर तिच्याइतकं बारीक लक्ष कुणाचंच नसतं.