वहीतला नऊ

फळ्याच्या वर टांगलेल्या फलकाची मास्तरांना शिसारी यायची. लाल अक्षरांत लिहिलं होतं: ‘बाजू बदला, चिन्ह बदला.’ शाळेतून निवृत्त झाल्यावर ते भाच्याच्या क्लासमध्ये मोठ्या माणसांना बीजगणिताची ओळख करून देत. ओळख कसली, नुसत्या पाट्या टाकायच्या. भाच्याचं म्हणणं, मामा, समजावत बसू नका, घोकून घ्या, पंधरा दिवसांत उरकायचंय. आणि मास्तर मनात चरफडत का होईना, घोकून घेत.

त्या दिवशी इस्पितळात आयाचं काम करणाऱ्या मावशींची वही तपासायला हातात आली. वॉर्डात रुग्णांची शौचाची भांडी उचलून कंबर मोडलेल्या बाई. दुसऱ्या दिवशी त्यांची प्रयोगशाळेतल्या बसून करायच्या कामाच्या जागेसाठी परीक्षा होती, आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच. वहीत होतं: ३क्ष = १२, म्हणून क्ष = १२ – ३ = ९. खाली तसलीच आणखी सतरा गणितं. समास आखलेला, अक्षर सुरेख, आणि सगळी चूक.

“तीन पलीकडे नेला, चिन्ह बदललं,” मावशी म्हणाल्या. “तुम्हीच सांगितलंत की.”

सांगितलं होतंच. मास्तरांचं तोंड कडू झालं. भाच्यावर चिडावं, तर तोही त्यांच्याच वर्गात घोकून बाहेर पडलेला. शाळेतल्या तीस वर्षांत असे किती नऊ किती वह्यांत कुजत पडले असतील!

वही मिटून त्यांनी विचारलं, तीन खाटा, प्रत्येक खाटेला सारख्याच सलाइनच्या बाटल्या, मिळून बारा. तर एका खाटेला किती?

“चार. हे काय विचारणं झालं?”

“क्ष म्हणजे तेच. एका खाटेच्या बाटल्या.”

मावशींनी मिटलेली वही पुन्हा उघडून त्या नऊवर बोट ठेवलं. चेहऱ्यावर आनंदबिनंद काही नव्हता.

“म्हणजे मला येत होतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही येईनासं केलंत.”

तेवढ्यात भाच्यानं दारातून डोकावून वेळ संपल्याचं सांगितलं; पुढची बॅच जिन्यात ताटकळली होती. मास्तर सवयीनं उठायला लागले.

“बसा,” मावशी म्हणाल्या आणि त्यांनी वहीचं कोरं पान उघडलं. “पहिल्या गणितापासून.”

मास्तर बसले. पुढच्या बॅचलाही आत घे, त्यांचंही पहिल्यापासूनच करायचंय, असं त्यांनी भाच्याकडे न बघताच सांगितलं.